खाली ठेवलेला कहवा

मफरक, ५ मार्च

राकान,

तुझा पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. देताना तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, म्हणून बाकी काही विचारलं नाही. कुवेतला मामाच्या बेकरीत गल्ल्यावर बसतोस एवढं कळलं. भाजलेल्या हातांनी पीठ मळता येत नसेल.

तुझी हत्यारं वर्कशॉपमध्ये पडून आहेत. मीटर, पिवळ्या मुठीची पक्कड, दोन रबरी हातमोजे. आणि घरी एक चाकू, जो मी सुहैबचा समजून आणला होता. काल पुसताना पात्यावर तुझं नाव दिसलं. कुणाला तरी पाठव आणि सगळं घेऊन जा. मला ते समोर नको आहे.

चौकशीची माणसं दोनदा येऊन गेली. तुझा जबाब त्यांनी मला वाचून दाखवला. 'नऊ नंबरचा इशारा मी बंद केला. सुहैबला ते माहीत नव्हतं. त्याचा यात काही संबंध नाही.' मी दोनदा वाचायला लावलं. निदान खोटं बोलला नाहीस, असं मनात आलं आणि लगेच स्वतःचाच राग आला. माझा मुलगा मातीत गेलाय आणि मी तुला कसल्या बाबतीत शाबासकी देतोय?

विमान उडवायला शिकवणाऱ्या त्या शाळेत तुम्हां दोघांना कामाला मी लावलं. बॅटरीला हात लावायला मी शिकवलं. विजेवर उडणारी ती छोटी विमानं तेव्हा नवीन होती, आणि तुम्ही दोघं खेळण्यातल्या मोटारीची बॅटरी असल्यासारखे तिच्याशी खेळायला जायचात. तेव्हा काय सांगितलं होतं? आत सेल एकामागे एक जोडलेले असतात, एका दोरीला बांधलेल्या उंटांसारखे. एकूण दाब बरोबर दिसला म्हणून खूश होऊ नका. एखादा सेल म्हातारा झाला की त्याची जागा कमी होते, तो इतरांच्या आधी भरतो, आणि चार्जर मात्र बाकीच्यांसाठी वीज ढकलतच राहतो. म्हणून तर प्रत्येक सेलवर तार आहे, तारेच्या टोकाला ती निगराणीची पेटी आहे. एखादा जास्त भरला तर पेटी त्याची थोडी वीज गाळून टाकते आणि बाकीच्यांना गाठू देते. तेवढ्याने भागलं नाही तर ओरडते आणि चार्जर थांबवते.

नऊ नंबरची तार सैल झाली होती, कबूल. पेटी उगाच ओरडायची, हेही कबूल. तरीही माझा नियम काय होता? नऊ ओरडला की आधी हाताने मीटर लावून बघायचं. आकडा ठीक असला तरच त्याचा इशारा बंद करून पुढे जायचं. एवढंच. एक मीटर, दोन टोकं.

मी त्या दिवशी अम्मानला कशासाठी गेलो होतो माहीत आहे ना? त्याच तारेचा कनेक्टर कस्टममधून सोडवून आणायला. किती महिने अडकला होता तो. हरभऱ्याएवढी वस्तू. फोन आला तेव्हा माझ्या खिशात होती. अजून त्याच कोटाच्या खिशात आहे.

हत्यारं घेऊन जा.

नायेफ


मफरक, १६ मे

राकान,

हत्यारं न्यायला कुणी आलं नाही. तुझा बाप आला, पण त्यासाठी नाही.

गेल्या शुक्रवारी तुमचे लोक जाहा घेऊन, वडीलधाऱ्यांना पुढे घालून समेटाला आले. तुमच्याकडची आणि इतर घरांची माणसं मिळून माझं बैठकीचं दिवाण भरून गेलं, दाराबाहेर चपला मावेनात. पुढे हाजी मिस्लेह. त्याचे गुडघे आता वाकत नाहीत, दोघांनी धरून बसवला. तुझा बाप सगळ्यांत मागे, भिंतीला टेकून, मान खाली. फवाझला मी शाळेपासून ओळखतो. त्याची मान खाली घातलेली मी कधी पाहिली नव्हती.

माझ्या पुतण्याने कहवा ओतला, तळ झाकेल एवढाच, पहिला पेला हाजीला. हाजीने तो घेतला आणि न पिता समोर जमिनीवर ठेवला.

"अबू सुहैब," हाजी मला म्हणाला, "आम्ही मागायला आलोय. दिलंस तर पिऊ, नाही दिलंस तर हा पेला असाच राहील आणि आम्ही तोंड लपवून घरी जाऊ."

"काय मागताय?"

"माफी. पोराच्या हातून चूक झाली. जाणून केली नाही. भाऊ गेला त्याचा, भाऊच म्हणायचा तो सुहैबला."

मी बोललो नाही. मुद्दाम बोललो नाही, हेही लिहून टाकतो. बसू दे त्यांना, असं मनात होतं. कहवा गार होऊ दे. माझ्या घरात सगळं गार झालंय, त्यांचा एक पेला झाला तर काय बिघडलं? मी फवाझकडे बघत होतो. त्याचे ओठ हलत होते, दुआ म्हणत असावा. मागच्या खोलीत सुहैबची आई, आमची उम्म सुहैब, बायकांत होती. तिकडून एकदा काहीतरी पडल्याचा आवाज आला.

शेवटी म्हणालो, "प्या तुमचा कहवा. मागितलं ते दिलं."

हाजीने पेला उचलला, बाकीच्यांनीही उचलले. माणसं उठून माझ्या खांद्याचं चुंबन घेत होती. फवाझ आला तेव्हा मी तोंड फिरवलं. तो माझ्या खांद्याला न शिवताच मागे सरला.

तर माफ केलं तुला, चार लोकांसमोर केलं. शब्द दिला तो दिला. खटला नाही, वैर नाही, तुझ्या भावंडांना रस्त्यात कुणी अडवणार नाही. पण हे तुझ्या-माझ्यात ठेव: मफरकमध्ये पाऊल ठेवू नकोस. मशिदीत, बाजारात, कुठेही तू समोर आलास तर माझ्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. सुहैब पेटलेली बॅटरी गाड्यावर घालून उघड्यावर ढकलत नेत होता, कारण बाजूला दोन विमानं होती आणि एका विमानात ती शिकाऊ मुलगी बसलेली होती. तू तेव्हा कुठे होतास? चार्जरच्या स्विचपाशी. स्विच बंद केला म्हणून ती आग विझते का रे? इतकं शिकवलं, आणि स्विच?

मामाकडेच राहा.

नायेफ


मफरक, २ जून

राकान,

मागचं पत्र तुला मिळालं असेल. मिळालं नसेल तर आल्यावर न उघडता फाडून टाक. मिळालं असेल तर काय करायचं ते मला सुचत नाही.

हे पत्र मी नीट लिहू शकेन असं वाटत नाही. काल उम्म सुहैब जमीद, वाळवलेल्या दह्याचे गोळे, भिजत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "राकानला लिहिलंत ते टाकलं?"

"टाकलं. कधीच."

"काय लिहिलंत?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, पाऊल ठेवू नकोस तेसुद्धा. ती हात पुसत खाली बसली. तिचा चेहरा बघून मला वाटलं हिला काही होतंय.

"दवाखान्यात सुहैब माझ्याशी बोलला होता," ती म्हणाली. "तुम्ही डॉक्टरांकडे गेला होतात तेव्हा."

"मग?"

"म्हणाला, आई, राकान थांब म्हणत होता. मीटर आणायला निघाला होता. मीच त्याला अडवलं. मी म्हटलं, नऊ रोजच रडतो, रडू दे, कालच तर मोजलाय. ती पोरगी विमानात बसून वाट बघतेय. आणि बटण मी दाबलं."

राकान, मी ते ऐकून उभा राहिलो आणि परत बसलो. मग तिच्यावरच ओरडलो. एवढी जाहा येऊन गेली, मी त्या लोकांना ताटकळत ठेवलं, फवाझकडे पाठ केली, तेव्हा कुठे गेली होती तुझी जीभ?

"मला राकानने शपथ घातली होती," ती म्हणाली. "हाताला पट्ट्या बांधलेल्या होत्या त्याच्या, तसाच माझ्या पायाशी बसला. म्हणाला, काकू, काकांना सांगू नका. त्यांना सुहैबच्या कामाचा फार अभिमान होता. तेवढा तरी राहू दे त्यांच्याकडे." मग तीच माझ्यावर चिडली. "आणि मी आई आहे हो त्याची. मेलेल्या मुलाची चूक मी कुठल्या तोंडाने चारचौघांत सांगू? त्या दिवशी आत ऐकत होते मी सगळं. हातातलं ताट पडलं."

मग आम्ही दोघंही खूप रडलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, एकमेकांसमोर असं कधी रडलो नव्हतो.

आणि स्विचचं. उम्म सुहैब म्हणते, स्विच बंद करून तूच त्याच्यामागे धावलास, त्याला धुरातून ओढून काढलंस ते तूच. हात कशाने भाजले असतील हा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. मला तो करायचाच नव्हता. कुणाचा तरी राग करायला हवा होता आणि तू सोयीचा होतास.

सुहैबचा राग येत नाही अजून. येईल बहुधा. चुकला तो, पण चूक करून पळाला नाही, बॅटरी घेऊन बाहेर गेला. हे दोन्ही माझ्या मुलानेच केलं. मला आता दोन्ही घेऊन राहायचंय.

तू परत ये.

अबू सुहैब


मफरक, ९ ऑगस्ट

राकान,

तीन पत्रं झाली, तुझं एक अक्षर नाही. तुझी आई म्हणते, फोनवर आमचं नाव निघालं की 'ओव्हनमध्ये पाव आहेत' म्हणून ठेवून देतोस. दिवसभर पाव भाजतात का रे तुमच्याकडे?

आता मी काय केलंय ते ऐक, आणि चिडायचं असेल तर चीड. चिडून का होईना, लिही.

मी हाजी मिस्लेहकडे गेलो. म्हटलं, हाजी, उठा, जाहा न्यायची आहे.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. फवाझच्या घरी."

त्याला वाटलं दुःखाने माझं डोकं फिरलं. "अरे, मुलगा तुझा गेला," तो म्हणाला. "ज्याचा गेला तो दुसऱ्याच्या दारात जाहा नेतो का कधी? माझ्या दाढीला हसतील लोक."

"तुमच्या दाढीला तसेही हसतात. मेंदी बघा किती लावलीय."

हसला म्हातारा. मग मी त्याला सगळं सांगितलं, उम्म सुहैबने सांगितलेलं. त्याचं हसणं थांबलं. बराच वेळ काठीने जमीन उकरत राहिला. मग म्हणाला, "मग जायलाच हवं. पण माणसं थोडी घेऊ. आणि सांगायचं ते तुझं तू सांग, माझ्याने होणार नाही."

तुझ्या घरी आम्ही सहाजण गेलो. फवाझ दारात आला आणि आम्हांला बघून पांढरा पडला. त्याला वाटलं माफी मागे घ्यायला आलोय. आत नेलं, बसवलं. तुझ्या धाकट्या भावाने कहवा ओतला, दोन थेंब माझ्या मनगटावर सांडले. हाजीने पेला माझ्याकडे सरकवला. मी तो घेतला आणि समोर सतरंजीवर ठेवला.

फवाझ म्हणाला, "अबू सुहैब, हे काय? उचल. तू आमच्याकडे काय मागणार? घर माग, जमीन माग. उचल आधी."

मी त्याला सांगितलं. सहा माणसांसमोर सांगितलं की इशारा माझ्या मुलाने बंद केला, तुझा मुलगा थांब म्हणत होता, आणि त्याने आजपर्यंत ते स्वतःवर घेतलं. मला वाटलं होतं सुहैबचं नाव असं काढताना जीभ लुळी पडेल. नाही पडली. पडद्यामागे तुझी आई 'या रब्ब, या रब्ब' करत होती.

"मी दोन गोष्टींसाठी आलोय," मी म्हणालो. "एक, त्या दिवशी तुला पाठ दाखवली, त्याची माफी. दुसरी, राकान. त्याला मी येऊ नकोस म्हणून लिहिलं. तो परत यायला हवा. तो येईल एवढा शब्द दे, मी पितो."

पहिल्यासाठी फवाझ उठला आणि माझ्या गळ्यात पडला. ते झालं. मग तो परत आपल्या जागी गुडघ्यांवर हात ठेवून बसला.

"बोल की," हाजी म्हणाला. "पी म्हण त्याला."

"कसं म्हणू?" फवाझ म्हणाला. "शब्द दिला की तो पाळावा लागतो. पोरगा माझा फोन उचलत नाही, हाजी. मी कशाच्या जोरावर म्हणू?"

तुझा बाप तसाच आहे. दुसरा कुणी असता तर 'पी, पी, येईल तो' म्हणून मोकळा झाला असता. हाजी भडकला. म्हणाला, उष्टा नसलेला पेला घरात ठेवून पाहुणा उठला तर त्या घराला बट्टा लागतो, पूर्वी एवढ्यावरून बंदुका निघायच्या. फवाझच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण खोटा शब्द त्याने दिला नाही.

मग मी उठलो. पेला तसाच ठेवून उठलो.

पण वैराने नाही, हे तू समजून घे. वाट बघायची म्हणून ठेवला. तुझ्या आईने त्याच्यावर बशी पालथी घातली आहे. कुणाला तिथे बसू देत नाही, झाडताना सतरंजी त्याच्या भोवतीने झाडते. दर शुक्रवारी नमाजनंतर मी जातो, त्या पेल्यासमोर बसतो, फवाझशी बोलतो. ते मरमियाच्या पानांचा चहा आणतात, मी घेत नाही. पाणीसुद्धा घेत नाही. ऑगस्ट आहे, तुला माहीत आहे इथला ऑगस्ट कसा असतो. गेल्या शुक्रवारी फवाझ म्हणाला, "तू माझ्या घरात तहानेने मरशील आणि मग परत जाहा काढावी लागेल." दोघं हसलो. हसलो आणि मग दोघंही भिंतीकडे बघत बसलो.

अबू सुहैब


मफरक, १८ नोव्हेंबर

माझ्या राकान,

शाळेत नवीन बॅटऱ्या आल्या. निगराणीची पेटीही नवीन, पडद्यावर प्रत्येक सेलची उंच-बुटकी पट्टी दिसते, सेलची उष्णताही वेगळी दिसते. तापमान उतरलं तर ती चार्जिंग सुरूच होऊ देत नाही, आधी ऊब द्या म्हणते. इशारा बंद करायचं बटण ठेवलेलंच नाही. मी कितीतरी वेळ त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसलो होतो. ती एक जागा एक वर्ष आधी रिकामी असती तर.

दोन नवीन मुलगे कामाला दिलेत. चांगले आहेत, पण पडद्यावर हिरवं दिसलं की फोन काढतात. मी त्यांना म्हणतो, तासभर नुसतं बघा, कुठली पट्टी बाकीच्यांच्या आधी वर जाते ते बघा. त्यांना वाटतं म्हातारा भ्रमिष्ट आहे. तू न सांगता बघायचास. खुर्ची उलटी करून बसायचास, हनुवटी तिच्या पाठीवर टेकून, आणि म्हणायचास, 'काका, चार नंबर आज दमलाय.' मी तपासायचो आणि खरंच दमलेला असायचा.

मी लिहिणार होतो की कामाला माणूस हवाय म्हणून ये. पानभर तसं लिहिलंही, मग फाडलं. कामाला माणसं मिळतात. मला तू हवा आहेस. सुहैबच्या जागी नाही, त्याची जागा कुणाची नाही. तू माझ्या घरी त्याच्या बरोबर जेवायचास, माझ्या ताटातलं मांस उचलून त्याच्या ताटात टाकायचास आणि तो तुझ्या ताटात. तो गेल्यावर मी तुलाही घराबाहेर काढलं. एक गेला तो देवाने नेला. दुसऱ्याला मी स्वतः घालवलं.

लोक विचारतात, कसे आहात? आम्ही दोघं म्हणतो, अल्हमदुलिल्लाह, ठीक. बाहेरून बेरीज बरोबर येते. आत उम्म सुहैब तीन ताटं मांडते आणि मग एक उचलते. परवा तिने चार मांडली. मी विचारलं चौथं कुणाचं, तर म्हणाली, "उगाच. हात गेला." ते तिने उचललं नाही.

तुला भीती वाटत असेल की इथे आल्यावर सगळे तुझ्याकडे बघतील. बघतील. काही दिवस बघतील, मग कंटाळतील. सुहैबने काय केलं ते आता सगळ्या मफरकला माहीत आहे, मीच सांगितलं. तू लपवलेलं मी उघड केलं म्हणून रागावू नकोस. माझ्याकडे अभिमान राहू दे म्हणाला होतास ना? राहिलाय. माझ्या हाताखाली दोन मुलगे तयार झाले. त्यातला एक आगीत पुढे गेला, दुसऱ्याने त्याच्यामागे धावून हात भाजून घेतले आणि वर त्याचं नाव झाकलं. एवढा अभिमान मला पुरेसा आहे, त्याला खोट्याची गरज नाही.

काल शुक्रवार होता. फवाझने बशी उचलून दाखवली. कहवा पार आटलाय, तळाला काळं वर्तुळ उरलंय, त्यात एक मुंगी मेलेली. फवाझ म्हणाला, "निदान हा धुऊन ताजा तरी ओतू दे." मी नाही म्हटलं. घरात नुसता बाप नाही, बापाचा थोरला मुलगाही यजमान असतो. फवाझने हाजीला तसं विचारूनही घेतलं. हाजी म्हणाला, चालेल, मुलाने म्हटलं तरी चालेल, पण स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या घरात.

तेव्हा आता ते तुझ्या हातात आहे. बस पहाटे पोचो की दुपारी, तू आधी आमच्याकडे येऊ नकोस, वर्कशॉपमध्येही नको. सरळ तुझ्या घरी जा आणि कुणाला तरी मला बोलवायला पाठव. मी येईन, त्याच जागी बसेन. काही बोलू नकोस, माफी वगैरे काही नको, माझी तू ऐकू नकोस आणि तुझी मी ऐकणार नाही. फक्त तो पेला धू, ताजा ओत, तळ झाकेल एवढाच, आणि माझ्यासमोर ठेवून म्हण, 'प्या, काका.'

मला फार तहान लागली आहे.

तुझा अबू सुहैब